फाइलमधली एक ओळ पुसली आणि ११ तारखेचं दूध १० तारखेला गेलं! डेटाबेसचं ‘डीफॉल्ट’ नेमकं चालतं कसं?

समजा, इंदापूर तालुक्यातलं एक गाव. पहाटेची धार काढून झाली. कॅन मोटारसायकलला अडकवून एक शेतकरी गावच्या दूध संकलन केंद्रावर पोचला. तारीख ११, घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं. दूध मोजलं, फॅट काढली, पावती हातात आली.

पावतीवर तारीख होती १०. वेळ होती रात्री ११ वाजून ४० मिनिटं.

आता रात्री पावणेबाराला डेअरीवर दूध घालायला कोण येतं?

केंद्रावरच्या पोरानं कॉम्प्युटरचं घड्याळ बघितलं, ते बरोबर होतं. प्रिंटर बरोबर होता. सॉफ्टवेअरला कुणी हात लावलेला नव्हता. मग मधले साडेपाच तास गेले कुठे?

ही गोष्ट आम्ही विषय समजावा म्हणून रचली आहे. पण यात जे बिघडलंय ते प्रत्यक्षात अगदी असंच बिघडू शकतं, आणि तेही बरोबर साडेपाच तासांनीच. त्यासाठी कुणी हॅकर लागत नाही की व्हायरस लागत नाही. सर्व्हरवरच्या एका फाइलमधली एक ओळ कमी झाली की पुरे.

एवढ्यानं बिघडतं काय?

बारामती, इंदापूर भागात दुधाचं बिल बहुतेक ठिकाणी दहा दिवसांचं असतं. १ ते १०, ११ ते २० आणि २१ पासून महिनाअखेर. ११ तारखेच्या पहाटेचं दूध १० तारखेला नोंदवलं गेलं तर ते मागच्या बिलात जाऊन बसतं. ते बिल आधीच काढून झालं असेल तर हे दूध कोणत्याच बिलात येत नाही. ११ तारखेपासून दर बदलला असेल तर या दुधाला जुना दर लागतो.

संध्याकाळचाही घोळ आहे. संध्याकाळी पाच वाजता घातलेलं दूध पावतीवर सकाळी साडेअकराचं दिसतं. दुपारी बारापर्यंत सकाळ आणि त्यानंतर संध्याकाळ, असा हिशेब सॉफ्टवेअर करत असेल तर संध्याकाळचं दूध सकाळच्या खात्यात जातं.

यात फसवणूक कुणीच केलेली नाही. पण शेतकऱ्याला वाटतं डेअरीवाल्यानं मारलं, आणि डेअरीवाल्याला वाटतं कंपनीनं सॉफ्टवेअर खराब दिलं.

खरा प्रकार समजायचा असेल तर आधी डेटाबेस सर्व्हर म्हणजे काय ते थोडक्यात बघू.

वहीवाला आणि त्याची नियमांची फाइल

डेटाबेस सर्व्हर म्हणजे सगळ्या नोंदी सांभाळणारा वहीवाला. दुधाची पावती, उसाच्या काट्याची पावती, पतसंस्थेचं खातं, तुमची ऑनलाइन ऑर्डर, या सगळ्यामागे कुठला ना कुठला डेटाबेस असतो. ओरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस ही त्यातली नावाजलेली नावं.

आज आपण पोस्टग्रेसचं उदाहरण घेऊ. ते फुकट आहे, त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे आणि छोट्या डेअरीपासून मोठ्या कंपनीपर्यंत कुणीही वापरू शकतं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेल्या प्रकल्पातून ते आलं.

या वहीवाल्यानं काम कसं करायचं हे एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. एका ओळीत एक सेटिंग. एका वेळी किती जणांनी जोडायचं, किती मेमरी वापरायची, वेळ कुठल्या देशाची धरायची, वगैरे वगैरे.

आता गंमत अशी की पोस्टग्रेसमध्ये अशा तीनशेहून जास्त सेटिंग्ज आहेत. त्या सगळ्या कुणी भरत बसत नाही. पाच-पन्नास बदलतात, बाकीच्यांचं मूल्य सर्व्हर स्वतःच ठरवतो. कुणी काहीच सांगितलं नाही तर जे धरायचं, ते म्हणजे डीफॉल्ट. मोबाइल नवा घेतल्यावर जी रिंगटोन आधीपासून असते, तसंच.

फाइलमध्ये एखाद्या ओळीच्या सुरुवातीला हॅश, म्हणजे # हे चिन्ह टाकलं की सर्व्हर ती ओळ वाचत नाही. ओळ पुसायची नाही पण बंद ठेवायची, तर लोक तिला हॅश लावतात. सर्व्हरच्या दृष्टीनं हॅश लावलेली ओळ आणि पुसलेली ओळ सारखीच.

रीलोड आणि रीस्टार्ट यात फरक काय?

फाइल बदलून सेव्ह केली म्हणून सर्व्हर लगेच बदलत नाही. त्यानं ती फाइल सुरू होताना एकदा वाचलेली असते आणि त्यानंतर तो आपल्या डोक्यातल्या आकड्यांवर चालतो. बदल लागू करायचे दोन रस्ते आहेत.

एक म्हणजे रीस्टार्ट. सर्व्हर बंद करायचा आणि परत सुरू करायचा. सगळं नव्यानं वाचलं जातं. पण तेवढा वेळ काम बंद राहतं. ऐन गाळप हंगामात काट्यासमोर ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना हे कुणाला परवडत नाही.

दुसरा म्हणजे रीलोड. चालू सर्व्हरला फक्त सांगायचं, ‘बाबा, फाइल परत एकदा वाच.’ काम थांबत नाही, जोडलेली माणसं तुटत नाहीत.

हे सांगण्यासाठी युनिक्स आणि लिनक्सवर जो इशारा देतात त्याचं नाव आहे सिगहप. त्यातला ‘हप’ हा हँग अप, म्हणजे फोन ठेवणे. पूर्वी लोक टेलिफोनच्या तारेवरून लांबच्या कॉम्प्युटरला जोडत. लाइन तुटली की हा इशारा जायचा. पाठीमागे चालणाऱ्या सर्व्हरला अशी लाइनच नसते, त्यामुळे त्याच्यासाठी हा इशारा रिकामाच होता. मग प्रोग्रामर लोकांनी त्याला नवीन काम दिलं, फाइल परत वाचण्याचं. फोन ठेवण्याचा इशारा आजही याच कामाला वापरला जातो.

रीलोड म्हटलं की आपल्याला वाटतं, आता फाइलमध्ये जे आहे तेच सर्व्हरमध्ये आहे. खरा घोळ इथूनच सुरू होतो.

ओळच नसेल तर सर्व्हरनं काय समजायचं?

फाइलमध्ये लिहिलेलं आहे की कनेक्शन ३००. तुम्ही ते ४०० केलं आणि रीलोडसारखं काहीतरी केलं, तर सर्व्हरला कळतं की आकडा बदलायचा आहे. पण तुम्ही ती ओळच काढून टाकली तर?

याचे दोन अर्थ निघतात. पहिला, ‘या सेटिंगबद्दल मला आता काही म्हणायचं नाही, आहे ते राहू दे.’ दुसरा, ‘मी दिलेला आकडा मागे घेतला, तू तुझ्या मूळ आकड्यावर जा.’

माणसाच्या मनात बहुतेक वेळा दुसरा अर्थ असतो. पण पोस्टग्रेस कित्येक वर्षं पहिला अर्थ धरून चालत होतं.

कारण साधं होतं. रीलोडच्या वेळी सर्व्हर फाइलमधली एकेक ओळ वाचायचा आणि ते ते लागू करायचा. जी ओळ फाइलमध्ये नाही ती वाचलीच जात नव्हती, म्हणून त्या सेटिंगकडे कुणी बघतही नव्हतं. जुना आकडा तसाच राहायचा, थेट पुढच्या रीस्टार्टपर्यंत.

४ फेब्रुवारी २००८ ला पोस्टग्रेसची ८.३ ही आवृत्ती आली आणि हे बदललं. ओळीला हॅश लावून रीलोड केलं की सेटिंग डीफॉल्टवर जाते, असं त्या आवृत्तीपासून ठरलं. योआखिम वीलांड यांच्या नावावर हा बदल नोंदवलेला आहे.

आता सर्व्हर कसा वागतो? प्रत्येक सेटिंगसोबत तो हेही लक्षात ठेवतो की हा आकडा मला कुणी दिला. रीलोडच्या वेळी तो अख्खी फाइल वाचतो. मग बघतो, की पूर्वी फाइलमधून आलेली पण आज फाइलमध्ये न सापडलेली सेटिंग कोणती? तिला तो डीफॉल्टवर नेतो. वर लॉगमध्ये नोंदही करतो, की अमुक सेटिंग फाइलमधून काढलेली दिसली, म्हणून डीफॉल्टवर आणली.

एवढा छोटा बदल महत्त्वाचा का होता?

पोस्टग्रेसमध्ये एफसिंक नावाची एक सेटिंग आहे. ती चालू असली की सर्व्हर प्रत्येक पक्की झालेली नोंद खरोखर डिस्कवर उतरली का याची खात्री करतो आणि मगच ‘झालं’ म्हणतो. यात वेळ जातो. म्हणून लाखो जुन्या नोंदी एकदम भरायच्या असतील तर काही जण एफसिंक तात्पुरती बंद करत. काम पटकन उरकतं.

पण ती बंद असताना वीज गेली तर? डिस्कवर अर्ध्या गोष्टी उतरलेल्या, अर्ध्या नाहीत. डेटाबेस असा बिघडू शकतो की परत उभाच राहणार नाही.

आता २००८ च्या आधीचा सर्व्हर डोळ्यासमोर आणा. माणसानं एफसिंक बंद केली, डेटा भरला, मग त्या ओळीला हॅश लावून रीलोड केलं. डीफॉल्ट ‘चालू’ आहे हे त्याला माहीत आहे. फाइल उघडून बघितली तर सगळं ठीक. पण सर्व्हरच्या डोक्यात एफसिंक अजून बंदच. आणि महाराष्ट्रात तो काळ भारनियमनाचा. रोज कितीतरी तास वीज जायची. फाइल बघून निवांत झोपलेल्या माणसाचा सर्व्हर उघड्यावर पडलेला असायचा.

८.३ नंतर ही फट बुजली. म्हणजे आता सगळं सोपं झालं का? तर नाही. आता वेगळा प्रश्न आला. डीफॉल्टवर जायचं, पण कुठल्या डीफॉल्टवर?

पळसदेवचं मंदिर आणि सेटिंगचे थर

पुणे-सोलापूर रस्त्यानं भिगवणच्या पुढे गेलं की पळसदेव लागतं. उजनी धरण झालं आणि जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. तिथलं पळसनाथाचं जुनं मंदिरही पाण्यात गेलं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी खूप खाली गेलं की ते मंदिर वर दिसायला लागतं आणि मग त्याचे फोटो, रील्स तुमच्या मोबाइलवर येतात.

मंदिर त्या दिवशी कुणी बांधलेलं नसतं. ते तिथंच असतं, वर पाणी असतं एवढंच.

डीफॉल्टचं असंच आहे. सर्व्हर बनवणाऱ्यांनी प्रत्येक सेटिंगचा एक आकडा प्रोग्राममध्येच घालून ठेवलेला असतो. तो सगळ्यात तळाशी. त्याच्यावर फाइलमधला आकडा. तुम्ही फाइलमध्ये काही लिहिलं की तळाचा आकडा झाकला जातो, पण जात नाही. ओळ काढली की तो परत वर येतो.

पण पोस्टग्रेसमध्ये थर दोनच नसतात. मुख्य फाइलवर आणखी एक फाइल असते. सर्व्हरच्या आतून ‘आल्टर सिस्टीम’ अशी कमांड दिली की ती सेटिंग या दुसऱ्या फाइलमध्ये जाते. २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून ही सोय आहे. त्याच्यावर सर्व्हर सुरू करतानाच दिलेले आकडे. त्याच्यावर एखाद्या ठराविक डेटाबेससाठी, मग ठराविक युजरसाठी दिलेले आकडे. आणि सगळ्यात वर, त्या वेळी जोडलेल्या प्रोग्रामनं स्वतःपुरता सांगितलेला आकडा.

जो थर सगळ्यात वर, त्याचं चालतं.

म्हणून बऱ्याचदा असं होतं की माणूस मुख्य फाइलमधल्या ओळीला हॅश लावतो, रीलोड करतो आणि काहीच बदलत नाही. तो म्हणतो रीलोड बिघडलंय. खरं तर दुसऱ्या फाइलमध्ये कुणीतरी तोच आकडा लिहून ठेवलेला असतो. तो काढायचा तर ‘आल्टर सिस्टीम रीसेट’ म्हणावं लागतं.

आणखी एक फसगत. एकाच फाइलमध्ये तीच सेटिंग दोनदा लिहिली असेल तर शेवटची धरली जाते. शेवटच्या ओळीला हॅश लावलं की सेटिंग डीफॉल्टवर न जाता वरच्या जुन्या ओळीवर जाते. चार वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला आणि सगळे विसरलेला आकडा अचानक कामाला लागतो.

मग साडेपाच तास गेले कुठे?

आता परत आपल्या डेअरीवर येऊ.

पोस्टग्रेसमध्ये टाइमझोन नावाची सेटिंग आहे. वेळ कुठली दाखवायची ते ती ठरवते. प्रोग्राममध्ये घातलेलं तिचं डीफॉल्ट आहे जीएमटी, म्हणजे इंग्लंडमधल्या ग्रीनिचची वेळ. जगभर वापरायच्या सॉफ्टवेअरनं कुठल्या तरी एका ठिकाणची वेळ धरायची, तर ती ही.

पण भारतात पोस्टग्रेस बसवलं तर आपल्याला आपलीच वेळ दिसते. कशी काय? कारण पहिल्यांदा डेटाबेस तयार करताना पोस्टग्रेस त्या मशीनचं टाइमझोन बघतं आणि फाइलमध्ये स्वतःहून एक ओळ लिहितं, टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’. ही ओळ कुणी माणसानं लिहिलेली नसते. त्यामुळे ती आहे हेच अनेकांना माहीत नसतं. ‘आपण तर वेळेचं काही सेटिंग केलंच नव्हतं, म्हणजे भारतीय वेळ हेच डीफॉल्ट असणार,’ असं वाटत राहतं.

मग एके दिवशी कुणीतरी फाइल साफ करतो. ‘आपण न घातलेल्या ओळी कशाला ठेवायच्या’ म्हणून हॅश लावतो. किंवा सर्व्हर फास्ट करण्यासाठी नेटवरून दुसरी फाइल घेऊन त्या जागी टाकतो, ज्यात ही ओळच नाही. दुपारी रीलोड करतो. काही तुटत नाही, कुठेही एरर येत नाही.

भारतीय वेळ जीएमटीच्या साडेपाच तास पुढे. म्हणून ११ तारखेच्या पहाटेचे ५ वाजून १० मिनिटं हे जीएमटीत १० तारखेच्या रात्रीचे ११ वाजून ४० मिनिटं. पावतीवरचा हिशेब जुळला ना?

यात सगळ्यात वाईट भाग पुढे आहे. पहाटे साडेपाच ते मध्यरात्र या वेळेत दोन्हीकडची तारीख एकच असते. म्हणजे ऑफिसच्या वेळेत बसून कुणी रिपोर्ट तपासला तर तारखा बरोबरच दिसतात. चुकतात फक्त रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या नोंदी. त्या वेळेत जागा असतो गोठ्यातला माणूस, काट्यावरचा ऊसतोड मुकादम, नाहीतर हॉस्पिटलची रात्रपाळी. सॉफ्टवेअर तपासणारा तेव्हा झोपलेला असतो.

त्यात आणखी भर. काही प्रोग्राम जोडताना आपलं टाइमझोन स्वतःच सांगतात. उदाहरणार्थ, पोस्टग्रेसला जोडणारा जावाचा ड्रायव्हर. वर म्हटलं तसं सगळ्यात वरच्या थराचं चालतं, म्हणून त्या प्रोग्रामला काहीच फरक पडत नाही. एका स्क्रीनवर वेळ बरोबर आणि दुसऱ्या स्क्रीनवर चूक. भांडायला निमित्त पुरेसं.

चूक सुधारता येते का?

हे नोंदी कशा ठेवल्यात त्यावर आहे.

वेळेचा रकाना टाइमझोनसकट ठेवणाऱ्या प्रकारचा असेल तर पोस्टग्रेस आत तो क्षण एकाच जागतिक वेळेत साठवतं. टाइमझोनचा उपयोग फक्त दाखवताना होतो. फाइलमध्ये ओळ परत घातली, रीलोड केलं, की जुन्या नोंदीही बरोबर दिसायला लागतात. अर्थात, मधल्या काळात छापलेल्या पावत्या आणि काढलेली बिलं काही बदलत नाहीत.

पण रकाना टाइमझोन नसलेला असेल, किंवा नुसती तारीख साठवणारा असेल, तर त्यात ‘१०’ हेच कायमचं लिहिलं गेलं. मग कुठल्या नोंदी चुकल्या हे एकेक करून शोधावं लागतं.

असंच तारखेच्या क्रमाचं. पोस्टग्रेसचं मूळ डीफॉल्ट आधी महिना, मग दिवस असं आहे, अमेरिकन पद्धतीचं. तुमच्या फाइलमध्ये ‘आधी दिवस’ अशी ओळ असेल आणि ती निघून गेली, तर ०५/०६/२०२५ ही ५ जूनच्या ऐवजी ६ मे होते. एररही येत नाही. १३/०६/२०२५ लिहिलं तर मात्र १३ वा महिना नसतो म्हणून एरर येते. म्हणजे महिन्याचे पहिले बारा दिवस चूक गुपचूप आत जाते आणि तेराव्या दिवशी आरडाओरडा होतो.

काही सेटिंग्ज रीलोडला दाद देत नाहीत

सगळ्या सेटिंग्ज रीलोडनं बदलत नाहीत. सर्व्हर सुरू होतानाच ज्यांच्यासाठी मेमरी राखून ठेवावी लागते, त्यांना रीस्टार्टच लागतं. कमाल कनेक्शनची सेटिंग त्यातलीच. म्हणूनच आपण मघाशी ‘रीलोडसारखं काहीतरी’ असं मोघम म्हटलं होतं.

समजा, साखर कारखान्याच्या सर्व्हरवर कनेक्शन ३०० ठेवलेली होती आणि मे महिन्यात चुकून ती ओळ गेली. रीलोड केलं. सर्व्हर लॉगमध्ये सांगतो की हे रीस्टार्टशिवाय बदलणार नाही, आणि ३०० वरच चालत राहतो. लॉग कुणी वाचत नाही. ऑक्टोबरमध्ये हंगामाच्या तयारीसाठी मशीन रीस्टार्ट होतं. आता मर्यादा डीफॉल्टची, म्हणजे साधारण १००. आणि ज्या दिवशी माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरकडे जाणारे रस्ते उसाच्या गाड्यांनी भरलेले असतात, तशाच दिवशी काट्यावरचा कॉम्प्युटर म्हणतो, ‘कनेक्शन मिळत नाही.’ चूक मेमधली, दणका हंगामातला. मधल्या काळातल्या कुणालाही त्याचा पत्ता नाही.

फाइलमध्ये लिहिताना व्याकरणाची चूक झाली तरी तसंच. रीलोडच्या वेळी सर्व्हर तक्रार करतो, बदल लागू करत नाही आणि जुन्या आकड्यांवर काम चालू ठेवतो. पण तीच फाइल घेऊन रीस्टार्ट केलं तर तो सुरूच होत नाही. म्हणजे चूक महिनोन्महिने शांत बसून राहते आणि वीज जाऊन आली की बाहेर येते.

मायएसक्यूएलमध्ये वेगळंच

हे वाचून कुणी मायएसक्यूएलवर तसंच करायला जाईल, म्हणून सांगतो. मायएसक्यूएलला सिगहप दिला तर ते परवानग्यांचे तक्ते परत वाचतं, लॉग वगैरे नव्यानं उघडतं, पण आपली कॉन्फिगरेशन फाइल परत वाचत नाही. चालू सर्व्हरवर आकडा बदलायचा तर कमांड द्यावी लागते. रीस्टार्टनंतरही तो टिकावा यासाठी ‘सेट पर्सिस्ट’ नावाची सोय २०१८ च्या ८.० आवृत्तीत आली.

आणि तिथं एखादी ग्लोबल सेटिंग ‘डीफॉल्ट’ करा असं सांगितलं तर ती तुमच्या फाइलमधल्या आकड्यावर जात नाही, थेट प्रोग्राममध्ये घातलेल्या मूळ आकड्यावर जाते. ‘आमच्या कंपनीचं डीफॉल्ट’ आणि ‘सर्व्हरचं डीफॉल्ट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथं सगळ्यात स्पष्ट दिसतं.

फेसबुकसुद्धा यातून सुटलं नाही

हे फक्त छोट्या डेअरीच्या बाबतीत होतं असं नाही. २३ सप्टेंबर २०१० ला फेसबुक जवळपास अडीच तास बंद पडलं होतं. चार वर्षांतला सगळ्यात मोठा बिघाड, असं तेव्हा फेसबुकनंच सांगितलं.

झालं असं होतं की चुकीची कॉन्फिगरेशन मूल्यं शोधून ती दुरुस्त करणारी एक यंत्रणा त्यांनी बसवली होती. हाताशी ठेवलेली प्रत चुकीची दिसली तर डेटाबेसमधून मूळ प्रत आणायची, असं तिचं काम. त्या दिवशी मूळ प्रतच अशी बदलली गेली की यंत्रणेला ती चुकीची वाटली. मग प्रत्येक मशीन मूळ प्रत आणायला डेटाबेसकडे धावलं. सेकंदाला लाखो प्रश्न डेटाबेसवर आदळले आणि तो कोलमडला. शेवटी डेटाबेसला श्वास घेता यावा म्हणून साइटच बंद करावी लागली.

तिथला प्रश्नही आपल्यासारखाच आहे. मूल्य नसेल, किंवा पटत नसेल, तर यंत्रणेनं काय करायचं? हे कुणीतरी आधी ठरवून ठेवलेलं असतं. ते बरोबर ठरवलंय का, हे मात्र बिघाडाच्या दिवशीच कळतं.

मग करायचं काय?

तुम्ही डेअरी, पतसंस्था, दुकान किंवा कुठल्याही ठिकाणचा सर्व्हर बघत असाल तर या पाच गोष्टी लक्षात ठेवा.

१. फाइल बघून खात्री धरू नका, सर्व्हरला विचारा. ‘शो टाइमझोन’ अशी छोटी कमांड दिली की सध्या कुठला आकडा चालू आहे ते सर्व्हर सांगतो.

२. आकडा कुठून आला तेही बघा. ‘पीजी सेटिंग्ज’ या तक्त्यात प्रत्येक सेटिंगचा सध्याचा आकडा, तो कुठल्या थरातून आला, प्रोग्राममधला मूळ आकडा आणि रीस्टार्ट बाकी आहे का, हे सगळं मिळतं. ‘पीजी फाइल सेटिंग्ज’मध्ये फाइलमध्ये काय लिहिलंय आणि त्यात चूक आहे का ते रीलोडच्या आधीच कळतं.

३. रीलोड केल्यावर लॉगच्या शेवटच्या ओळी वाचा. काय बदललं, काय डीफॉल्टवर गेलं, काय अडकलं, हे सर्व्हर तिथं स्वतःच लिहितो. दोन मिनिटांचं काम आहे.

४. जी सेटिंग महत्त्वाची आहे ती डीफॉल्टच्या भरवशावर सोडू नका. आकडा डीफॉल्टइतकाच असला तरी फाइलमध्ये स्पष्ट लिहा, आणि शेजारी हॅश लावून कुणी, कधी, का लिहिला तेही टाका.

५. फाइल बदलण्याआधी जुनी प्रत बाजूला ठेवा आणि नवीन फाइलशी ओळीला ओळ लावून बघा. काय वाढलं ते सगळे बघतात, काय गेलं तेही बघा.

आणि तुम्ही सर्व्हर बघणारे नसून दूध घालणारे असाल तर? तर पावती घेतली की लिटर आणि फॅटसोबत तारीख आणि वेळही वाचा. वेळेत बरोबर साडेपाच तासांचा फरक दिसला तर केंद्रावरच्या पोराशी भांडू नका. त्याला एवढंच सांगा, ‘सर्व्हरवाल्याला फोन लाव आणि विचार, टाइमझोनची ओळ कुणी काढली?’